हाताखालची गाठ

बटणांच्या दुकानापुढे कोणीतरी आपलं मनगट धरलं, तेव्हा सुईताईच्या मनात पहिला शब्द आला तो चोर. परक्या गावात पर्स छातीशी धरून चालायचं, असं निघताना नवऱ्याने इतकं बजावलं होतं की ती गेले पंधरा दिवस तशीच चालत होती, लहान बाळ काखेत असल्यासारखी. तिने हात हिसडला. पण धरणारी पकड सुटेना. मग तिने पाहिलं, तर तो हात बाईचा होता, बोटांना दोऱ्याचे वळ पडलेला, आणि ती बाई हसत होती. हसत होती, ओरडत होती, शेजारच्या चपलांच्या दुकानातल्या माणसाला हाका मारत होती. पलीकडची चाव्या करून देणारी बाईही काम टाकून आली. त्या भाषेतला एक शब्द सुईताईला समजेल तर शपथ. तिला फक्त चेहरा ओळखू आला. आरोग्य शिबिरात आली होती ही. चादरीच्या पडद्याआड, आपल्यासमोर, खुर्चीवर बसून रडलेली. तेव्हा या चेहऱ्याला रंग असा नव्हताच. आता बटणवालीचे गाल तापले होते. तिने सुईताईचा तळहात उलटा केला, त्याच्यावर ओठ टेकवले, आणि भर रस्त्यात, सगळ्यांसमोर, तो तळहात स्वतःच्या छातीवर डाव्या बाजूला दाबून धरला. दुसऱ्या हाताने हवेत धूळ झटकल्यासारखं केलं. गेली! भाषा येत नसली तरी एवढं कळत होतं. गेली, उडून गेली. चपलांवाल्याने टाळी वाजवली. आणि त्याच क्षणी सुईताईच्या तळहाताला, कापडाखाली, ती गाठ लागली.

होती तिथेच होती. सुपारीएवढी, कडक, खालच्या मांसाला चिकटून बसलेली. सुईताईची बोटं सकाळपासून दुपारपर्यंत माणसांच्या कातडीखाली शिरा शोधायची. जाड्या दंडात दडलेल्या, म्हातारपणी सुतासारख्या झालेल्या, भीतीने आत पळालेल्या शिरा. लॅबमध्ये येणारी पोरं तिला सुईबाई म्हणत, त्याची पुढे चर्चच्या मंडळीत सुईताई झाली. कातडीखाली काय आहे याबद्दल या बोटांची फसगत व्हायची नाही. बटणवाली हसत होती, डोळ्यांत डोळे घालून, आणि सुईताईही हसली. तेच तिला नंतर राहून राहून आठवत राहिलं. गाठ हाताखाली होती आणि आपण हसलो. तोंडाचे स्नायू आपोआप ताणले गेले. बटणवालीने दुकानातून मोत्याच्या रंगाच्या बटणांचं एक पाकीट काढून तिच्या पर्सच्या खणात कोंबलं, पैसे घ्यायला साफ नकार दिला, आणि गिऱ्हाईक आलं तसं तिला सोडलं.

ती चालू लागली. नणंदेसाठी लेस घ्यायची होती, ती राहिली. रस्ता ओलांडताना कोणीतरी हॉर्न वाजवला. तळहात कुर्त्याला पुसावासा वाटत होता, पण बटणवाली मागून बघत असेल तर, म्हणून वळण येईपर्यंत तिने तो तसाच अधांतरी धरला. वळणावर औषधांच्या दुकानाच्या काचेत तिला स्वतःचं प्रतिबिंब दिसलं. गळ्यात सेवादौऱ्याचं निळं ओळखपत्र, अजून काढलं नव्हतं. त्याच्यावर तिचा फोटो आणि खाली मंडळीचं नाव. तिने ते उपडं केलं. मग सरळ केलं. उपडं करून काय होणार होतं?

शिबिर आल्या आल्याच, शाळेच्या सभागृहात भरलं होतं. बाकं भिंतीला सारलेली, मध्ये दोरी बांधून चादरी टाकलेल्या. एका चादरीआड डॉक्टर, एका आड दातांचं, आणि शेवटच्या आड ती आणि तिचं टेबल. रक्तातली साखर, हिमोग्लोबिन, लिहून द्यायचं, पुढचा. जोडीला दुभाषी बाई, इथल्याच मंडळीतली, शाळेत इंग्रजी शिकवून निवृत्त झालेली, पायात गरम मोजे आणि हातात सतत विणकाम. सुईताई इंग्रजीत बोले, ती इथल्या भाषेत सांगे. सगळं सुरळीत चाललं होतं. बटणवालीच्या बोटातून थेंब काढून झाला, तरी ती उठली नाही. मागे रांग खोळंबली होती. तिने एकदम सुईताईचा हात ओढून ब्लाउजच्या आत नेला. ती डॉक्टर नव्हती. तिने लगेच सांगितलं, ही गोष्ट माझ्या कामातली नाही, पलीकडे डॉक्टर आहेत, चला. दुभाषी बाईने विचारून सांगितलं, पुरुषाला दाखवणार नाही म्हणते. मग मोठ्या हॉस्पिटलात जा. तर तिकडे एकदा जाऊन आली होती, तपासणीची तारीखही मिळाली होती, पण भीती वाटते म्हणाली. घरी कोण असतं? कोणी नाही. मग दुभाषी बाई म्हणाली, "तिला औषध नकोय. प्रार्थना करा म्हणते."

आता हे कोणाला सांगून पटलं नसतं, पण सुईताईला प्रार्थना करता येत नसे. म्हणजे मनात यायची, उघड्या तोंडाने नाही. बुधवारच्या घरप्रार्थनेला सगळे हातात हात धरून गोल बसत, एकेकाने मोठ्याने प्रार्थना करायची, आणि तिची पाळी आली की ती शेजारणीचा हात हळूच दाबायची. म्हणजे मला वगळ, पुढे चल. सगळ्यांना ठाऊक होतं. नवरा घरी आल्यावर चिडवायचा, "देवाच्या दरबारातही तुझा मिस्ड कॉल." पण त्या दिवशी चादरीआड दाबायला शेजारणीचा हात नव्हता. हात होता तो त्या गाठीवर. तिने डोळे मिटून इंग्रजीत सुरुवात केली. दोन वाक्यांत इंग्रजी संपलं. आणि मग कसं कोण जाणे, ती मराठीत शिरली, आणि शब्द येऊ लागले. हिची भीती काढून टाक, बापा. हिला दवाखान्याची पायरी चढायचं बळ दे. तिथल्या डॉक्टरांच्या हाताला यश दे. ही एकटी आहे, हिच्याकडे लक्ष असू दे. आवाज चढला, असं भडाभडा ती आयुष्यात कोणापुढे बोलली नव्हती. आणि हाताला ऊब आली. खरोखर आली. शेजारून दुभाषी बाई लयीत काहीतरी सांगत होती. डोळे उघडले तेव्हा बटणवाली रडत होती, हसत होती, आणि चादर बाजूला करून, दौऱ्यावर बरोबर आलेले त्यांच्या चर्चचे पाळक उभे होते. त्यांचेही डोळे ओले होते. जेवताना त्यांनी सगळ्यांसमोर म्हटलं, "आज प्रभूने आमच्या सुईताईंना वापरलं." सगळ्यांनी मान डोलावली. ती लाजली. नंतर बेसिनपाशी हात धुताना तिने नळ बंद केला आणि दोन्ही तळवे उताणे करून दिव्याखाली धरले. काय सांगावं, कदाचित? असं वाटलं होतं. एकच क्षण, पण वाटलं होतं. त्या वाटण्याची आता तिला एवढी लाज वाटली की भर रस्त्यात ती पुटपुटली, "मूर्ख."

राहायची सोय चर्चमागच्या वसतिगृहात होती. खोलीत अर्धवट भरलेली बॅग पलंगावर आ वासून पडली होती. ती तिच्या शेजारी बसून राहिली. उद्या सकाळी निरोपाची सभा, परवा दुपारचं विमान. सभेत तिने देवाच्या कृपेची साक्ष द्यायची होती. पाळकांनी आधीच सांगून ठेवलं होतं, की काही फार नको, त्या चादरीआडचंच सांगा. तिला उगाच लहानपणचं आठवलं. त्यांच्या मिशनच्या आवारातही असे लोक यायचे, परदेशातून, थोड्या दिवसांसाठी. भिंती रंगवायचे, गाणी शिकवायचे. एक उंच बाई होती, तिने लहानग्या सुईताईला मांडीवर घेऊन केस विंचरले होते, आणि जाण्याच्या दिवशी तिचा चेहरा ओंजळीत धरून तिच्या भाषेत बराच वेळ काहीतरी सांगितलं होतं, रडत. आत्या मध्ये उभी राहून अर्थ सांगत होती, "म्हणते, तू फार गुणाची आहेस. मोठी होऊन नाव काढशील." आत्याला इंग्रजी किती येत होतं? येस, नो आणि थँक्यू. सुईताई त्या वाक्यावर कितीतरी वर्षं जगली होती. परीक्षेत, नोकरीच्या पहिल्या दिवशी, सासूने टाकून बोललं त्या त्या वेळी. त्या बाईने खरं काय सांगितलं असेल? केसांत उवा आहेत, डॉक्टरला दाखवा, असंही असेल. तिला हसू आलं आणि हसता हसता ती थांबली. कारण मग तिला प्रश्न पडला, जो दुपारपासून दाराशी येऊन उभा होता. दुभाषी बाईने त्या दिवशी काय सांगितलं?

जेवणाच्या टेबलावर सगळे उत्साहात होते. कोणी काय खरेदी केली, कोणाच्या बॅगेचं वजन किती. तिने भाताशी चाळा केला आणि शेवटी डॉक्टरांनाच म्हणाली, "शिबिरात ती बाई आली होती ना, छातीत गाठ होती. मी प्रार्थना केली ती."

"हो, पाळक सांगत होते. गाठ होती हे नाही सांगितलं कोणी." डॉक्टर मितभाषी गृहस्थ, सुट्टी काढून आलेले. "मला का नाही दाखवली?"

"ती पुरुषाला दाखवणार नव्हती. हॉस्पिटलातली तारीख मिळालीय, तिकडेही भीतीने जात नाही."

"तुम्ही सांगायचं तरी. कशी होती? हलत होती बोटाखाली?"

"नाही."

"कडक?"

"हो. आणि डॉक्टर, अजून आहे. आज परत हात लागला. ती मात्र सगळ्यांना सांगतेय, गेली म्हणून."

डॉक्टरांनी चमचा ताटात ठेवला. पाळकांनी पाण्याचा पेला उचलला होता, तो तसाच धरून ते म्हणाले, "तुम्हाला खात्री आहे? कपड्यावरून, गर्दीत."

"माझं कामच ते आहे, पाळकसाहेब."

"तसं नाही. मी म्हणतो, तिचा विश्वास आहे. एवढ्या एकट्या बाईला काहीतरी धरायला मिळालंय. ते आपण हिसकावून घ्यायचं? आणि परवा विमानात बसायचं?" पाळक वाईट माणूस नव्हते. सुईताईच्या सासऱ्यांच्या शेवटच्या आजारात रोज येऊन बसायचे, उशापायथ्याशी, कोणी न सांगता. त्यांच्या चेहऱ्यावर आता खरी काळजी होती. म्हणूनच तिला जास्त भीती वाटली. समोरचा माणूस लबाड असता तर तिने तोडून टाकलं असतं. "आपण इथल्या मंडळीला सांगून ठेवू," ते म्हणाले. "ते बघतील हळूहळू."

"हळूहळू," डॉक्टर स्वतःशीच म्हणाले आणि ताट घेऊन उठले.

तिने नवऱ्याला फोन लावला. तो स्वयंपाकघरात होता, मागे काहीतरी करपल्याचा आवाज येत होता, म्हणजे वासच यायचा बाकी होता. "कुकरची रबरी रिंग कुठे ठेवलीस? सगळे डबे धुंडाळले." तिने सांगितलं, ओट्याखाली, डावीकडे. मग बाकीचंही सांगितलं. तो ऐकत राहिला. "हे बघ," तो म्हणाला, "तू तिला बरी होशील असं सांगितलंस का?" नाही. "मग? तिने आपलं आपण समजून घेतलं असेल. तुझा काय दोष? तू आता बॅग भर आणि सुखरूप ये." तिचा दोष नव्हता. हे वाक्य तिने फोन ठेवल्यावर दोन-तीनदा म्हणून पाहिलं, जीभ फिरवून किडका दात चाचपावा तसं. प्रत्येक वेळी ते थोडं जास्त खोटं लागत होतं. झोप लागली ती तुटक तुटक, आणि प्रत्येक तुकड्यात हात कुठे ठेवायचा हे समजत नव्हतं.

सकाळी ती सगळ्यांच्या आधी सभागृहात गेली. दुभाषी बाई खुर्च्या मांडत होती. विणकाम पिशवीतून डोकावत होतं. सुईताईने दुसऱ्या टोकाने खुर्च्या उलगडायला घेतल्या, दोघी मध्ये येऊन भेटल्या, तेव्हा विचारलं. इंग्रजी दोघींचं वेगवेगळ्या शाळेतलं, म्हणून दोघी सावकाश बोलत.

"त्या दिवशी, बटणवालीसाठी मी प्रार्थना केली. तुम्ही तिला काय सांगितलं?"

"तू म्हणालीस ते."

"मी काय म्हणाले?"

दुभाषी बाईने खुर्चीच्या पाठीवर हात टेकले. "दोन वाक्यं मी ऐकली," ती म्हणाली. "मग तू तुझ्या भाषेत गेलीस. मला एक अक्षर कळलं नाही."

"मग?"

"मग काय? ती माझ्याकडे बघत होती. तू डोळे मिटलेले. रडत होतीस. मी गप्प बसले असते तर तिला काय वाटलं असतं? दरवर्षी पाहुणे येतात. सगळे साधारण एकच म्हणतात. प्रभूने तुझा आजार उचलला, आजपासून तू मोकळी आहेस, भिऊ नकोस. ते मी म्हटलं. मला वाटलं, तूही तेच म्हणत असशील."

"मी तिला दवाखान्यात जायचं बळ दे म्हणत होते."

"अगं बाई," असं जे काही त्यांच्या भाषेत म्हणत असतील ते दुभाषी बाई म्हणाली, आणि उलगडलेल्या खुर्चीवर मटकन बसली. सुईताईला तिचा राग यायला हवा होता. तो काल रात्रीपासून तयार करून ठेवला होता, आणि आता ऐन वेळी सापडेना. आपण डोळे मिटले होते. आपण त्या शब्दांच्या नादात होतो, त्या उबेच्या. जिच्यासाठी मागत होतो तिला एक शब्दही कळत नाहीये, हे एकदाही मनात आलं नाही. तिच्या छातीवर हात ठेवून आपण स्वतःशीच बोलत होतो.

"चला," ती म्हणाली. "आता. तिला सांगायचंय."

दारात पाळक भेटले, कोट घातलेले, हातात कार्यक्रमाचा कागद. तिने जे कळलं ते उभ्या उभ्या सांगितलं. त्यांनी कागद दुमडला, परत उलगडला. मागून मंडळीचे लोक येऊ लागले होते, फुलं घेऊन. "तुमची साक्ष," ते म्हणाले, पण अर्ध्यावरच थांबले. मग बाजूला होऊन त्यांनी तिला वाट दिली. "जा तुम्ही. इथे मी बघतो काय सांगायचं ते." पायऱ्यांवर डॉक्टर सिगारेट ओढत होते, ती पटकन मागे लपवत म्हणाले, "बाई डॉक्टर मागा तिथे. आणि तारीख चुकवलीय म्हणावं, उद्या-परवा करू नका."

बाजार नुकताच उघडत होता. बटणवाली दुकानाचं फळकूट टाकून त्यावर डबे लावत होती, हुकांचा, चेनींचा, नाड्यांचा. सुईताईला पाहून तिचा चेहरा फुलला. चपलांवाल्याने आपल्याकडचं स्टूल पुढे केलं. दुभाषी बाई बोलायला लागली, खाली मान घालून, आणि सुईताईला परत तेच झालं, एका शब्दाचाही पत्ता नाही. फक्त चेहरा. तो कसा एकेका वाक्याला विझत गेला ते तिला बघावं लागलं. या वेळी तिने डोळे मिटले नाहीत. एक गिऱ्हाईक बाई कोट दाखवून बटण मागत होती. बटणवालीने डबा उघडला, जुळणारं बटण शोधलं, कोटाला लावून पाहिलं, कागदात बांधून दिलं. बोटं व्यवस्थित चालत होती. गिऱ्हाईक गेल्यावर ती वळली आणि सुईताईकडे बघून बोलली. आवाज हळू होता.

"ती म्हणते," दुभाषी बाई म्हणाली, "देवाने काढली असं तूच सांगितलंस. आता देवाने परत आणून ठेवली का?"

मी तसं म्हटलं नव्हतं, हे खरं होतं. ही बाई चुकली, हेही खरं होतं. दोन्ही खरी वाक्यं घशाशी आली आणि दोन्ही किती भिकार आहेत ते तिथेच कळलं. "सांगा तिला, गाठ गेलेली नाही," ती म्हणाली. "काल माझ्या हाताला लागली. लागली तेव्हाच मला कळलं, आणि मी हसले. मी घाबरले होते. तपासायला हवं, आजच. मी येते बरोबर."

दुभाषी बाईने सांगितलं. सुईताईने या वेळी तिचे शब्द मोजल्यासारखे ऐकले, जणू जास्तीचा एखादा असता तर पकडता आला असता. बटणवालीने खाली पाहिलं. मग हात ब्लाउजवर नेला, आणि बोटांनी, सगळ्यांसमोर, दाबून पाहिलं. पंधरा दिवसांत तिने ते केलं नसावं. आंघोळ करतानाही त्या बाजूला हात नेला नसेल, विश्वास ठेवायचा म्हणजे ठेवायचा. बोटं थांबली. ती रडली नाही. चाव्यांवाली जवळ येऊ लागली तशी बटणवाली तिच्यावर खेकसली, आणि दोघी-तिघी जणी बघत होत्या त्यांच्यावरही. डब्यांची झाकणं लावायला घेतली, धाडधाड, एकावर एक. एक डबा निसटला आणि बटणं रस्त्यावर सांडली, गटारापर्यंत घरंगळत गेली. सुईताई गुडघ्यावर बसून गोळा करू लागली. बटणवालीने तिच्या खांद्याला धरून तिला उठवलं, जरा जोरातच, आणि फळकुटावर कापड टाकून चपलांवाल्याला काहीतरी सांगून चालू लागली. मागे वळून पाहिलं नाही. दोघी तिच्यामागे निघाल्या.

हॉस्पिटल सगळीकडे एकच असतं. फिनेलचा वास, खिडकीपुढची रांग, भिंतीवर गप्प बसा म्हणणाऱ्या नर्सचं चित्र. सुईताईला एरवी या वासात हायसं वाटे, आपल्या घरी आल्यासारखं. आज पहिल्यांदाच तो रोग्याच्या नाकात शिरावा तसा तिच्या नाकात शिरला. चुकवलेल्या तारखेबद्दल खिडकीतल्या माणसाने बटणवालीला चारचौघांत बोल लावले. ती ऐकून घेत उभी राहिली. दुभाषी बाई मध्ये पडली, तिचा शाळेतला आवाज लागला, आणि खिडकीतला माणूस वरमला. कदाचित तिचाच विद्यार्थी असेल. बाई डॉक्टर मिळाल्या. दाराआड बटणवाली एकटीच गेली. बाहेर बाकावर सुईताई आणि दुभाषी बाई यांच्यामध्ये तिची पिशवी होती, आणि दुभाषी बाई विणत होती, आणि चुकलेले टाके उसवत होती. एकदा ती म्हणाली, "मी तीस-चाळीस माणसांना असं सांगितलं असेल. आजवर." मग पुन्हा विणू लागली. सुईताईला वाटलं, आता आपण काहीतरी म्हणायला हवं, क्षमेचं वगैरे. पण ती बंद दाराकडे बघत होती. दाराला खालून फट होती आणि त्यातून दोन जोड्या पावलं दिसत होती. एक जोडी स्थिर होती, दुसरीची टाच सारखी वर-खाली होत होती.

बाई डॉक्टर स्वतः बाहेर आल्या. थोडक्यात बोलल्या. उद्या सकाळी सुई घालून तुकडा काढायचा, तो तपासायला जाईल, पुढचं त्यावर. उशीर झालाय, पण फार झालाय असं आत्ताच म्हणणार नाही. आज तपासणीसाठी रक्त द्यायचं, त्यासाठी थांबा. बटणवाली येऊन बाकावर बसली, पिशवी मांडीवर घेतली. तिच्या चेहऱ्यावरचा सगळा रंग गेला होता. कालचा तो तापलेला गाल, ती टाळी, ते हवेत धूळ झटकणं. ते आपण काढून घेतलं, सुईताईला वाटलं, आणि बदल्यात हिला दिलं काय, तर हे बाक. पाळकसाहेब अगदीच चुकीचं बोलत नव्हते. हिच्या हातात होतं ते खोटं होतं, पण होतं. आणि एवढं करून गाठीच्या तुकड्यात काय निघेल ते तिला कळणारच नव्हतं. निघेल तेव्हा ती घरी ओट्यापाशी असेल, किंवा लॅबमध्ये कोणाचा तरी दंड बांधत असेल. फोनवरून कळवतील कदाचित, दुभाषी बाईच्या इंग्रजीतून. पुन्हा कोणाच्या तरी तोंडून, पुन्हा विश्वास ठेवून.

बटणवाली भिंतीकडे बघतच बोलली, छोटंसं, प्रश्नासारखं. दुभाषी बाईने सुया थांबवल्या.

"विचारते, उद्या सकाळी तू असशील का?"

सुईताईचं तोंड उघडलं. बघू, म्हणता आलं असतं. प्रार्थना करीन, म्हणता आलं असतं, आणि ते खोटंही नव्हतं. मनाने बरोबर असेन. किती वाक्यं तयार होती, घासून गुळगुळीत झालेली, कोणत्याही भाषेत सहज उतरतील अशी. विमान पुढे ढकलता येईल का, हेही मनात येऊन गेलं, आणि ढकललं तरी त्याच्या पुढच्या सकाळी काय, हेही.

"नाही," ती म्हणाली. "उद्या दुपारी विमान आहे. सकाळीच निघावं लागेल."

दुभाषी बाईने त्याच लांबीचं वाक्य त्या भाषेत म्हटलं. बटणवालीने मान वळवली. हॉस्पिटलात आल्यापासून पहिल्यांदाच तिने सुईताईकडे सरळ पाहिलं, आणि बघत राहिली. बाजारात एखादी बाई कापड डोळ्यांजवळ नेऊन त्याची वीण तपासते तसं. मग तिने मांडीवरची पिशवी उचलून पलीकडे, दुभाषी बाईच्या बाजूला ठेवली, आणि मधली जागा मोकळी झाली. तुटक काहीतरी बोलली.

"ती म्हणते, मग आत्ता बस. इथे, जवळ." दुभाषी बाईने लोकर गुंडाळली. "आणि म्हणते, गप्प बस."

सुईताई सरकून बसली. दोघींचे दंड एकमेकींना टेकले. समोर रक्त देणाऱ्यांची रांग एका माणसाने पुढे सरकली.